गार झाल्यावर मिसळा

रुद्राण्णा तोडकरांनी वरणाच्या पातेल्यात तर्जनी बुडवली, क्षणभर ठेवली आणि जाहीर केलं, "झालं गार."

जाहीर कुणाला केलं, तर स्वयंपाकघराच्या भिंतींना. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक लेक, नीलांबिका, आतल्या खोलीत पडून होती. त्यांनी कागदी पुडी फाडली आणि आतली पांढरट भुकटी वरणावर भुरभुरली. तेव्हा त्यांचं तोंड असं झालं होतं, की बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ वरणात उंदराचं औषध घालतोय.

"बुरशी!" ते पुटपुटले. "सगळी हयात अन्नाला बुरशी लागू नये म्हणून जपलो. आता सोताच्या हातानं घालायलोय."

आता हा माणूस आचारी, आणि तोही साधासुधा नव्हे. मिरजेकडं लग्न ठरलं, की लोक आधी रुद्राण्णा मोकळे आहेत का ते बघत आणि मग मुहूर्त काढत. अलीकडं कार्यालयांतून लाकूड गेलं, गॅसही गेला, सगळीकडं विजेच्या शेगड्या आल्या; पण अण्णांचा हात तयार झाला तो चुलीवर. कढईचे कान ते फडक्याशिवाय धरत. तव्यावरची पोळी चिमटीनं उलटत. पाक झाला का, वरण उतरवायचं का, सगळा न्याय बोटाच्या टोकावर. हाताखालच्या पोरांनी कधी तापमान मोजायचं यंत्र आणलंच, तर अण्णा म्हणायचे, "ताप आलाय व्हय रं वरणाला?"

अशा माणसाच्या घरी असलं दुखणं यावं, याला काय म्हणावं! नीलांबिकेला खाल्लेलं तेल-तूप पचत नव्हतं. कॉलेजात असताना पोटात कळा यायला लागल्या, त्या वाढतच गेल्या. आता सव्वीस वर्षांची ही मुलगी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात नकाशे करायची सोडून बिनपगारी रजेवर घरी होती. जेवण झालं की थोड्याच वेळात पोटात पिळवटायचं, ती संडासाकडं धावायची आणि परत येऊन भिंतीकडं तोंड करून निजायची. आणि बाहेर, हजार पानांचं जेवण उठवणारा तिचा बाप, हात बांधून उभा असायचा.

दवाखान्यातल्या डॉ. रुखसाना मुजावर यांनी पहिल्याच भेटीत एका कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. एक छोटी दांडी आणि तिला लोंबणाऱ्या तीन लांब शेपट्या.

"अण्णा, हा स्निग्धाचा एक कण. तूप घ्या, शेंगतेल घ्या, ठेवण हीच. एवढा मोठा कण आतड्याच्या भिंतीतून आत शिरत नाही. आधी शेपट्या कापाव्या लागतात. ती कात्री आपलं स्वादुपिंड बनवतं. तिला लायपेज म्हणतात. नीलांबिकेचं स्वादुपिंड वाळून त्यात खडे झालेत. कात्रीच नाही, तर तेल अंगी कसं लागणार?"

कात्रीच्या गोळ्या बाजारात होत्या, पण त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनत. तोडकरांचं घर लिंगायत, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. रुद्राण्णा त्या दिवशी गोळ्या न घेताच घरी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "द्या गोळ्या. द्येवाला काय सांगायचं ते मी सांगतो." पण देवापर्यंत जायची वेळच आली नाही. दुसऱ्याच गोळीला नीलांबिकेचा घसा सुजला आणि अंगभर गांधी उठल्या. तिच्या शरीरालाच त्या सोसत नव्हत्या.

मग आली ही बुरशी. हिमालयातल्या स्पितीच्या खोऱ्यात, वर्षाचे कितीतरी महिने बर्फाखाली असणाऱ्या मातीत ती संशोधकांना सापडली. मेलेले किडे, बिया, जनावरांची कातडी, यांतली चरबी हेच तिचं अन्न. आणि ते पचवायचं कुठं, तर बर्फाच्या पाण्याइतक्या गारठ्यात. एरवीची लायपेजं त्या थंडीत आखडून बसतात. या बुरशीचं लायपेज मात्र सैल बांध्याचं, लवचीक. फ्रिजात ठेवलं तरी त्याची पाती चालत राहतात. पण हा सैलपणा फुकट मिळत नाही. उष्णता जरा वाढली, की त्या रेणूची घडीच विस्कटते.

"आणि एकदा विस्कटलं की ते गेलं," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "पुन्हा गार केलंत तरी उपयोग नाही. नासलेलं दूध काही परत दूध होत नाही."

म्हणूनच त्याची गोळी करता येत नव्हती. पोटातलं आम्ल आणि अंगाची ऊब त्याला टिकू देत नव्हती. तेव्हा संशोधकांनी गंमतच केली. पचन पोटात होत नाही ना, मग पातेल्यात करू! अन्न शिजवायचं, पुरतं गार होऊ द्यायचं, या लायपेजची भुकटी मिसळायची आणि चार तास फ्रिजात ठेवायचं. शेपट्या तिथंच कापून होतात. मग ते तसंच गार खायचं. जिल्ह्यातल्या काही घरांत हा प्रयोग चालू होणार होता आणि नीलांबिकेचं नाव त्यात लागलं होतं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, तूप, लोणी, साय अजिबात नको. दुधातल्या स्निग्धाच्या काही शेपट्या आखूड असतात. त्या सुटल्या की ओकारीसारखा उग्र वास मारतो. त्यापेक्षा शेंगतेल, तिळाचं तेल घाला. आणि दुसरी म्हणजे एक चमचा. त्याच्या दांड्यावर पट्टी होती. अन्न गरम असलं की ती लाल दिसायची, हवं तेवढं गार झालं की निळी. निळी झाल्यावरच भुकटी मिसळायची.

रुद्राण्णांनी तो चमचा दोन्ही हातांनी घेतला, नमस्कार केला, आणि घरी येऊन खायच्या सोड्याच्या डब्यात टाकला. अन्न गार झालं की नाही ते आता मला चमचा सांगणार? हद्द झाली!

बाकी सगळं मात्र त्यांनी डोळ्यांत तेल घालून केलं. पुडी चुकली नाही, चार तास चुकले नाहीत. संडासात डॉक्टरांनी एक यंत्र बसवून घेतलं होतं. किती स्निग्ध न पचता गेलं ते त्यांना तिकडं रोज कळायचं. अण्णांना त्या यंत्राची भयंकर लाज वाटायची. पाहुणे आले की ते त्यावर पंचा टाकून यायचे, पण यंत्र त्यांनी काढलं नाही. आणि सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे, ते लेकीला गार अन्न वाढत होते. वाफाळतं पान वाढण्यात ज्याचा जन्म गेला, तो फ्रिजातलं थिजलेलं वरण ताटात ओतताना मान दुसरीकडं वळवायचा.

असे तीन महिने गेले आणि नीलांबिका आणखी वाळली.

डॉ. मुजावरांनी वजनाचा आकडा पाहिला आणि मागच्या आकड्याशी ताडून बघितला. समोर बापलेक बसले होते.

"स्पष्टच सांगते," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करू. ते आणखी उतरलं, तर तिला या प्रयोगात ठेवता येणार नाही. मग शिरेतून पोषण द्यावं लागेल. छातीत नळी, आणि मुक्काम इथंच."

"किती दिवस?" नीलांबिकेनं विचारलं.

"ते दिवसांत सांगता येत नाही गं."

"म्हणजे नोकरी गेली."

डॉक्टरांनी वजनाचा कागद मिटला. "आणि प्रयोगाचंही खरं नाही. यंत्राचे आकडे आज ना उद्या उतरतील म्हणून वाट बघितली, पण तुमचे आणि जिल्ह्यातल्या बाकीच्या घरांचेही वाईटच आहेत. पुण्याहून संशोधकांचा निरोप आलाय, हे बंद करायच्या विचारात आहेत ते. प्रयोगशाळेत चालतं आणि घरात चालत नाही, असं दिसतंय."

इथं रुद्राण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चालंल कसं? तुमची बुरशीच पोकळ हाय! मी काय कमी केलंय सांगा की! गार वरण वाढलं, डॉक्टर. माझ्या घरात, माझ्या पोरीला! भुकटी घातली, चार तास ठिवलं. निदान तेवढ्यानं तरी अंगी लागंल म्हणून वर दोन चमचं साजूक तूप सोडतोय रोज..."

"अप्पा!" नीलांबिका दचकून म्हणाली. "तूप नको सांगितलं होतं ना?"

"तूप?" डॉक्टर पुढं सरकल्या. "कधी घालता? भुकटीच्या आधी की खाताना?"

"आधी. वरण उतरवलं की लगीच."

"म्हणजे ते चार तास भुकटीबरोबर असतं. मग वास येतो का?"

"कसला वास? घरी कढवलेलं तूप हाय, त्याला कसला वास यील? तुम्हीच उगं भ्या घातलं हुतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अण्णा, वास यायला हवा होता."

"आँ?"

"भुकटी काम करत असती, तर तुम्हाला त्या पातेल्याजवळ उभं राहवलं नसतं. तूप तसंच राहतंय, याचा अर्थ तुमच्या पातेल्यात ती मरतेय. पोटात जायच्या आधीच." त्या उठल्याच. "उद्या रविवार. सकाळी मी घरी येते. तुम्ही रोज करता तसंच करा, माझ्यासाठी काही वेगळं करू नका."

आता आचाऱ्याला असं सांगून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी डॉक्टर आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी उप्पीट, शिरा आणि कॉफी तयार होती. "आधी खावा, मग काय ती तपासणी करा," असं म्हणून अण्णांनी त्यांना पाटावर बसवूनच घेतलं. नीलांबिका दाराला टेकून उभी होती. तिला उभं राहायलाही आधार लागायचा.

वरण शिजलं. अण्णांनी घोटलं, फोडणी दिली, तूप सोडलं, खाली उतरवलं. पंखा लावला. थोड्या वेळानं तर्जनी बुडवली, आणि रोजच्यासारखं म्हणाले, "झालं गार."

"चमचा कुठं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाय की. कशाला लागतोय? माझं बोट..."

"बघू." डॉक्टरांनी सहज आपलं बोट पातेल्यात घातलं आणि दुसऱ्या क्षणाला "आई गं!" करत त्या नळाकडं धावल्या.

रुद्राण्णा बघतच राहिले. त्यांना वाटलं, बाईंना काही चावलं. त्यांनी पुन्हा बोट बुडवलं, मग चारही बोटं बुडवली. "ह्ये गरम? ह्येला गरम म्हंत्यात?"

नीलांबिकेनं डबे धुंडाळून तो चमचा सोड्यातून बाहेर काढला, पुसला आणि वरणात धरला. पट्टी लालभडक झाली. डॉक्टरांनी पिशवीतलं तापमापक लावलं, एकसष्ट अंश. भुकटी पस्तीस अंशांच्या पुढं टिकत नव्हती.

डॉक्टरांनी ओल्या हातानंच अण्णांचा हात धरला आणि बोटांची टोकं दाबून बघितली. भाकरीच्या तव्यासारखी काळपट, टणक कातडी. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या आणि अण्णांच्या बोटांना आधी कॉफीचा वाफाळता पेला लावला, मग दुसरा, कोमट पाण्याचा. "यातला गरम कुठला?"

अण्णांनी दोनदा चाचपलं. "दोन्ही सारखंच लागायल्यात," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला.

मग डॉक्टरांनी दोन वाट्यांत तूप-वरण घेतलं. एकीत भुकटी तेव्हाच मिसळली, अण्णांच्या गारात. दुसरी पाण्याच्या परातीत ठेवली, चमच्याची पट्टी निळी झाल्यावर तिच्यात मिसळली. दोन्ही झाकल्या आणि सगळे बसून राहिले.  अण्णांनी उगाच पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

बऱ्याच वेळानं पहिल्या वाटीचं झाकण काढलं. तुपाचा खमंग वास, जसा रोज येई तसाच. दुसरीचं काढलं, आणि नीलांबिकेनं पदर नाकाला लावला. आंबट, कुजकट, तान्ह्या मुलानं दूध टाकावं तसा भपकारा. कार्यालयात असा वास आला असता, तर अण्णांनी अख्खा हंडा गटारात पालथा केला असता. इथं ते वाटीवर वाकले आणि वास घेतच राहिले. पुन्हा पुन्हा. भुकटी जिवंत होती. ती पहिल्या दिवसापासून चांगली होती. रोज सकाळी ती आपणच मारत आलो, आपल्या याच बोटानं, आणि वर बुरशीला शिव्या दिल्या. शरमेनं त्यांना मान वर करवेना.

"तीन महिने, अप्पा," दारातून आवाज आला. नीलांबिकेनं नाकावरचा पदर खाली घेतला. "तीन महिने मी रोज आत बसून रडत होते. आणि तो चमचा सोड्याच्या डब्यात होता."

"पोरी, मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं! तूप अंगी लागेल, तुम्हाला वाटलं. वरण गार झालं, तुम्हाला वाटलं. मला एकदा तरी विचारलंत? एकदा बोट घालून बघ म्हणालात? मी तुमच्या पंगतीतलं पान नाहीये हो. मला जगायचंय." आणि ती आत निघून गेली. दार आपटायचंही त्राण तिच्यात नव्हतं. ते नुसतंच लोटलं गेलं.

रुद्राण्णांनी सोड्याचा डबा उचलून जागेवर ठेवला. डॉक्टर त्यांच्याजवळ आल्या.

"अण्णा, यात आमचाही दोष आहे. पत्रकावर लिहिलं, गार झाल्यावर मिसळा. पुण्यातल्या प्रयोगशाळेत बसून लिहिलं. जन्मभर आगीशी खेळलेल्या हातांचा विचार आम्ही केलाच नाही. मी आजच बाकीच्या घरी जाऊन येते."

त्या गेल्या, आणि रात्री त्यांचा फोन आला. कुठं भाकऱ्या थापणारी आजी होती, कुठं भट्टीवाला बाप होता, कुठं दोन वेळचं रांधणारी आई. कुणी चमचा देव्हाऱ्यात ठेवला होता, कुणी तो नातवाला खेळायला दिला होता. सगळ्यांनी बोटानंच बघितलं होतं. "पुण्याला कळवलंय, आत्ता बंद करू नका म्हणून. पंधरा दिवस मागून घेतलेत. त्यात निकाल दिसायला हवा, अण्णा."

फोन ठेवून अण्णा लेकीच्या दाराशी गेले. आत जायचं धाडस होईना.

"नीलू," ते बाहेरूनच म्हणाले, "चुकलं माझं. आजपासनं माझं बोट पातेल्यात जाणार न्हाई. गार झालं का न्हाई, ते तू सांगायचं."

"चमचा आहे ना."

"चमचा हाय. तरीबी तू सांग."

 दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आली, स्टूल ओढून ओट्याशी बसली आणि एका हातात चमचा धरून दुसऱ्या हाताचं बोट आमटीत घातलं.

"अजून नाही."

अण्णा उभे राहिले. हात शिवशिवत होते. थोड्या वेळानं त्यांनी नुसतं तिच्याकडं बघितलं.

"अजून नाही म्हटलं ना."

ज्याच्या एका शब्दावर वीस-वीस माणसं पळायची, तो माणूस लेकीच्या बोटाकडं डोळे लावून असा उभा होता, जणू निकाल लागायचा आहे. शेवटी ती म्हणाली, "आता." तिची नजर अजून पुरती निवळली नव्हती, पण 'आता' ती म्हणाली.

पहिले दोन दिवस फजितीचेच गेले. गार वरण खळीसारखं घट्ट झालं. भाजी मेणचट लागली. तेलाच्या शेपट्या सुटल्या की मागं जिभेवर एक कडवट, साबणासारखी चव राहते, ती नीलांबिकेला गिळवेना. दोन घासांवर ती ताट सारायची. अण्णांनी लग्नांच्या एक-दोन सुपाऱ्या परत केल्या आणि ते घरातच ठाण मांडून बसले. त्यांच्या ध्यानात आलं, की आपण आजवर गरम अन्न गार करून वाढत होतो, गार अन्न कधी रांधलंच नव्हतं. गारठ्यात मीठ दबतं, तिखट दबतं, आंबट मात्र वर येतं. म्हणजे सगळा हिशेबच नव्यानं मांडायला हवा. ते वाट्या वाट्या करून चाखत, थुंकत, पुन्हा करत. बोट गेलं होतं, जीभ शाबूत होती.

तिसऱ्या दिवशी त्यांना कडक भाकरी आठवली. ज्वारीची पापडासारखी वाळवलेली भाकरी. ती काही कुणी गरम खात नाही. मग तिच्यासोबत बसेल असं कालवण केलं. शेंगदाणे भाजून बारीक वाटले, तिळाचं तेल सोडलं, चिंचेचा कोळ, लसूण, जिरं, मिठाचा हात जरा सैल. कडवटपणा चिंचेनं असा काही झाकला, की अण्णा स्वतःशीच "वा रे पठ्ठ्या" म्हणाले. नीलांबिकेनं बोट घातलं, "आता" म्हणाली, भुकटी पडली. पहिली वाटी चार तास राहिली. तोवर अण्णांनी संध्याकाळसाठी दुसरी करून ठेवली.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "अण्णा, यंत्राचा आकडा काल रात्रीपासून उतरायला लागलाय. थोडंच खातेय ती, पण जे खातेय ते आत जातंय." अण्णा हो-हो म्हणाले. आकड्यांवर त्यांचा विश्वास बसेना. चुकीच्या बोटावर इतके दिवस विश्वास ठेवलेल्या माणसाचा आता कशावरच विश्वास बसत नव्हता.

त्यांनी ताट वाढलं. नीलांबिकेनं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, खाल्ला. दुसरा. तिसरा. वाटी निपटून तिनं हात धुतला आणि ती तिथंच स्टुलावर बसून राहिली. ही वेळ दोघांनाही पाठ होती. आता तिचं तोंड वाकडं होणार, ती पोट दाबणार, उठणार. अण्णांनी मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि निवडायला घेतली. पानं एकीकडं, काड्या एकीकडं, आणि कान सगळे तिच्याकडं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. शेजारच्यांनी मिक्सर लावला, बंद केला. जुडी संपली. अण्णांनी निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.

"अप्पा."

त्यांनी मेथी बाजूला टाकली. "दुखायलंय व्हय गं?"

"नाही." ती स्वतःच चकित होऊन पोटावरून हात फिरवत होती. "भूक लागलीय."

"काय?"

"भूक, अप्पा. अजून काही आहे का?"

अण्णा धडपडत उठले, फ्रिज उघडला आणि तसेच थांबले. आत संध्याकाळची वाटी होती, पण ती नुकतीच तर मिसळलेली. जेवणाऱ्यानं 'अजून' म्हणावं आणि आचाऱ्याकडं वाढायला काही नसावं, याहून मोठी नामुष्की या धंद्यात नाही. रुद्राण्णांवर ती आजवर कधी आली नव्हती.

"न्हाई," ते म्हणाले. "संपलं."

"संपलं? आणि ती वाटी?"

"ती आत्ता ठिवलीय. चार तास लागतील."

"चार तास!" नीलांबिका ओरडली, चांगली खणखणीत. "अप्पा, तोवर मी भुकेनं मरेन!"

"न्हाई मरत," रुद्राण्णा म्हणाले. त्यांनी फ्रिज लावला, त्याच्या दाराला पाठ टेकून ते खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "आता न्हाई मरत तू."